पट्टीवर सामू सात, तरी दात का झिजले : एका रुग्णाचं प्रकरण

तक्रारी तीन होत्या. थंड पाणी प्यायलं की वरच्या पुढच्या दातांत कळ जाते. त्याच दातांच्या कडा पातळ होऊन आरपार दिसू लागल्या आहेत. आणि ब्रश करताना खालच्या हिरड्यांतून रक्त येतं. रुग्ण चाळिशीच्या जवळ आलेली स्त्री, काम दिवसभर बसून, व्यसन कुठलंही नाही, गोड खाणं बेताचं. सोबत एक वही होती. वहीत रोज सकाळी उठल्याबरोबर कागदी पट्टीवर मोजलेला लाळेचा सामू, म्हणजे पीएच, तारीखवार लिहिलेला होता. सात म्हणजे मध्य, त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. बहुतेक नोंदी ७, कुठे ६.५, एखादी ७.५.

"डॉक्टर, माझं तोंड आम्लधर्मी नाहीच. उलट मी सगळं अल्कलाइन करत आणलंय. मग हे का होतंय?"

प्रश्न रास्त होता आणि त्यामागे मेहनत होती. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्या प्रश्नासाठीच. आम्ल वाईट आणि अल्क चांगलं, हे समीकरण हल्ली इतकं पसरलंय की त्याच्या नादी लागून चांगली काळजी घेणारी माणसंसुद्धा दात गमावून बसतात.

त्या काय करत होत्या

दातांत कळ यायला लागल्यावर त्यांनी बरंच वाचलं होतं. शरीरात आम्लता वाढली की दात झिजतात, लिंबू चवीला आंबट असलं तरी शरीरात गेल्यावर अल्कधर्मी होतं, असं त्यांच्या वाचनात आलं. म्हणून सकाळी मोठ्या बाटलीभर पाण्यात लिंबू पिळून ती बाटली शेजारी ठेवायची आणि काम करता करता दुपारपर्यंत घोट घोट संपवायची. दुपारनंतर नऊ सामूचं बाटलीबंद अल्कलाइन पाणी. टूथपेस्टमधली रसायनं नकोत म्हणून वर्षभरापासून खाण्याच्या सोड्याने दात घासणं, तेही लिंबूपाण्याचे पहिले घोट झाल्यावर, दात 'आंबलेले' वाटतात म्हणून जरा जोर लावून. आणि रात्री झोपताना ॲलर्जीच्या सर्दीची गोळी. ही गोळी त्यांनी आधी सांगितलीच नव्हती, कारण दातांशी तिचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चालू औषधांची यादी विचारली तेव्हा ती पुढे आली.

लिंबाची गोष्ट आधी निकालात काढतो. लिंबातलं सिट्रेट पेशींमध्ये जळतं आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. त्यामुळे लघवीचा सामू थोडा वाढू शकतो, हे खरं आहे. रक्ताचा सामू मात्र फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात, तिथे लिंबाचं काही चालत नाही. आणि दाताचा आणि लिंबाचा संबंध येतो तो या सगळ्याच्या आधी, ते गिळण्यापूर्वी. त्या वेळी लिंबाचा रस दोन ते अडीच सामूचा असतो, पाणी घातलं तरी तीनच्या आसपास. सामूचं मोजमाप दहापटीचं असल्यामुळे एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, ज्या सामूला विरघळायला लागतं तो साधारण ५.५ धरतात. तीन सामूच्या पाण्यात त्याच्या तीनशेपट आम्लता असते. शिवाय सायट्रिक आम्ल नुसतं विरघळवून थांबत नाही, ते दातातलं कॅल्शियम स्वतःशी बांधून घेतं. म्हणून तेवढ्याच सामूच्या दुसऱ्या एखाद्या आम्लापेक्षा ते जास्त नडू शकतं.

हा ५.५ आकडासुद्धा कोरीव अक्षर समजू नये. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, आणि ते टिकणार की विरघळणार हे भोवतालच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट किती आहे यावर ठरतं. दह्याचा सामू चारच्या जवळपास असूनही दह्याने इनॅमल सहसा झिजत नाही, कारण दह्यात ही दोन्ही खनिजं भरपूर असतात. उलट इनॅमलच्या खालचं डेंटीन आणि हिरडी खाली सरकल्यावर उघडं पडणारं मूळ, ही दोन्ही जास्त हळवी. ती सहा ते साडेसहा सामूलाच खनिज सोडायला लागतात. पुढे उपचाराचा क्रम ठरवताना हा फरक कामाला आला.

तपासणी

वरचे पुढचे दात ओठाच्या बाजूने गुळगुळीत, चमकदार, पण बारीक रेघा आणि खळगे नाहीसे झालेले. निरोगी इनॅमलवर उजेड टाकला की बारीक आडव्या लहरी दिसतात. इथे त्या पुसल्या गेल्या होत्या. कडा निळसर पारदर्शक. दाढांच्या टोकांवर छोटे वाटोळे खळगे, त्यांच्या तळाशी पिवळं डेंटीन. डावीकडच्या एका दाढेत जुनं चांदीचं फिलिंग होतं, ते भोवतालच्या दाताच्या वर बेटासारखं उभं राहिलं होतं. फिलिंग वाढत नसतं. भोवतालचा दात खाली गेला की ते असं दिसतं, आणि हे दिसलं की झीज आम्लाची आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही. कीड अशी पसरत नाही. किडीत प्लाकमधले, म्हणजे दातावर साचणाऱ्या चिकट थरातले, जिवाणू साखर आंबवून आम्ल करतात, आणि ते आम्ल एका ठिकाणी पृष्ठभागाखाली पोखरतं, पांढरा डाग पडतो, मग खड्डा. या झिजेत जिवाणूंचा हात नसतो, आम्ल सरळ पृष्ठभाग खाऊन टाकतं. त्यांच्या तोंडात नवी कीड एकही नव्हती.

झिजेची नोंद आम्ही बीईडब्ल्यूई या पद्धतीने करतो. २००८ साली ही पद्धत मांडली गेली. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकातल्या सर्वांत वाईट पृष्ठभागाला शून्य ते तीन गुण द्यायचे. त्यांची बेरीज अकरा आली, म्हणजे मध्यम धोका. पण बेरजेपेक्षा गुणांची वाटणी जास्त बोलकी होती. वरच्या पुढच्या भागाला तीन. चारही दाढांच्या भागांना दोन दोन. आणि खालच्या पुढच्या दातांना शून्य.

वरच्या पुढच्या दातांचे तीन गुण ओठाच्या बाजूमुळे नव्हते. आरसा टाळूकडे वळवला तेव्हा आतली बाजू दिसली. इनॅमल अर्ध्याहून जास्त गेलेलं, डेंटीन उघडं, आणि हिरडीलगत मात्र इनॅमलची एक अरुंद कड शाबूत. शोधणी, म्हणजे तपासायची बारीक सळई, त्यावरून फिरवली तर कुठेही न अडखळता घसरत जात होती. घोट घोट प्यायलेलं लिंबूपाणी बहुतेक करून ओठाची बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग खातं. टाळूकडून एवढी झीज झाली की नजर पोटाकडे वळवावी लागते.

मी विचारलं, छातीत जळजळ होते का? नाही. पित्ताचा त्रास? कधीच नाही. मग जरा वेगळं विचारलं, सकाळी उठल्यावर तोंडाची चव कशी असते? आंबट, कधी कडवट. आवाज? सकाळी थोडा बसलेला असतो, खाकरावं लागतं. रात्रीचं जेवण? उशिरा, आणि जेवून लगेच झोप.

जळजळ नसली म्हणजे पोटातलं आम्ल वर येत नाही, असं धरून चालू नये. पोटातला रस एक ते दोन सामूचा असतो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणंही क्वचितच होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन जायला काही नसतं, ते जिभेच्या मागून येऊन टाळूकडच्या दातांवर बसून राहतं. खालच्या दातांची आतली बाजू जिभेखाली झाकलेली राहते, म्हणून ती वाचते. त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून चोवीस तास सामू मोजण्याची तपासणी झाली, आणि आडवं झाल्यावर आम्ल वर येतं हे नोंदीत स्पष्ट दिसलं.

लाळही मोजली. काही न चघळता, पाच मिनिटं तोंडात येईल तेवढी लाळ मापाच्या नळीत सोडायची, एवढी साधी चाचणी. मिनिटाला ०.३ मिली ही सर्वसाधारण गती. त्यांची ०.१५ भरली. मिनिटाला ०.१ च्या खाली गेलं की तोंड कोरडं पडण्याचा विकार म्हणतो, म्हणजे त्या सीमेच्या अलीकडेच होत्या, पण आम्लाशी लढायचं तर हे बळ तोकडं. ॲलर्जीच्या कित्येक गोळ्यांनी लाळ कमी होते. आणि लाळ कमी वाहिली की नुसतं प्रमाण घटत नाही, तिचा कसही घटतो. लाळेतलं बायकार्बोनेट वाहण्याच्या वेगाबरोबर वाढतं. भरभर वाहणाऱ्या लाळेचा सामू साडेसातच्या पुढे जातो, मंद लाळ सातच्या खाली रेंगाळते.

पट्टी काय सांगत होती

त्यांच्याच पट्ट्या घेऊन त्यांच्यासमोरच मोजून बघितलं. आधी जिभेखाली पट्टी धरली. हिरवी, सात. मग त्यांच्याच बाटलीतला एक घोट घेऊन तोंडात फिरवायला सांगितलं आणि लगेच वरच्या पुढच्या दाताला पट्टी टेकवली. क्षणात केशरी, चारच्या जवळपास. थोडं थांबून पुन्हा लावली तर रंग परतू लागलेला, आणि आणखी काही मिनिटांनी पुन्हा हिरवी. त्या बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे मी मोजत होते ती वेळच चुकीची."

वेळ आणि जागा, दोन्ही. तोंडाला एकच एक सामू नसतो. जिभेखालची लाळ सात असताना दाताच्या पृष्ठभागावर चार असू शकतो, आणि दोन दातांच्या फटीतल्या प्लाकमध्ये आणखी वेगळा. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात प्लाकमधला सामू थेट मोजून दाखवला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर तो काही मिनिटांत पाचच्या आसपास किंवा खाली कोसळतो, आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्त लागतो. नुसत्या आंबट घोटानंतर लाळ त्याहून लवकर सावरते. पण प्रत्येक घोटाबरोबर ते सावरणं पहिल्यापासून सुरू होतं. तीच बाटली एका बैठकीत जेवणाबरोबर संपवली असती तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. दुपारपर्यंत पुरवल्यामुळे दातांना सकाळभर उसंतच मिळाली नाही.

मग हिरड्यांचं काय

प्रकरणाचा हा भाग त्यांना सर्वांत अवघड गेला, आणि मला वाटतं सर्वांत शिकण्यासारखा तोच आहे.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, म्हणजे झिजेचे शून्य गुण मिळालेल्या जागेवर, कीटणाचा जाड पिवळट थर होता. खालच्या दाढांच्या हिरड्यांखाली काळपट, घट्ट चिकटलेलं कीटण. तिथल्या हिरड्या सुजलेल्या, शोधणी लावताच रक्त. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते, इथे ती चार ते पाच भरत होती.

"एवढं आम्ल असताना दगड साचतो कसा?" त्यांनी विचारलं.

कीटण म्हणजे खनिज साचून टणक झालेला प्लाक. आणि खनिज साचायला सामू वर जावा लागतो. लाळ ग्रंथीतून तोंडात आली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो, आणि आधीच कॅल्शियम-फॉस्फेटने संपृक्त असलेली लाळ ते खनिज प्लाकवर सोडते. त्यात भर म्हणून प्लाकमधले काही जिवाणू लाळेतल्या युरियापासून अमोनिया करतात, त्यानेही सामू वाढतो. म्हणूनच कीटण सर्वांत जास्त लाळनलिकांच्या तोंडाशी साचतं, जिभेखाली खालच्या पुढच्या दातांमागे आणि गालाच्या बाजूला वरच्या पहिल्या दाढांवर. ज्या लाळेने त्यांचे खालचे दात आम्लापासून वाचवले, त्याच लाळेने त्याच दातांवर कीटण चढवलं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात लाळेत युरिया वाढतो, तेव्हा कीड कमी आणि कीटण जास्त असं चित्र अनेकदा दिसतं. कारण हेच.

हिरडीखालच्या फटीत तर आम्लाचं राज्य नसतंच. तिथे साखर पोचत नाही. तिथले जिवाणू सुजलेल्या हिरडीतून झिरपणाऱ्या द्रवातल्या प्रथिनांवर जगतात, त्यांचे तुकडे करतात, आणि त्यातून अमोनिया सुटतो. सामू सातच्या वर जातो. हिरड्यांच्या आजारात हमखास सापडणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस साडेसातच्या आसपास उत्तम वाढतो. सूज आली की द्रव वाढतो, द्रव वाढला की हे जिवाणू वाढतात, ते वाढले की सूज वाढते. किडीचे जिवाणू आम्लात तगून राहणारे, हिरड्यांचे जिवाणू किंचित अल्कधर्मी वातावरण मानवणारे. एकाच तोंडात, एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर, दोन्ही नांदू शकतात.

आता न्यायाने सांगायचं तर अल्कलाइन पाण्याने त्यांच्या हिरड्या सुजल्या नव्हत्या. ते पाणी हिरडीखाली शिरत नाही आणि तोंडात टिकतही नाही. सामू नऊ असला तरी आम्ल निकामी करण्याची त्याची कुवत फार थोडी, त्यामुळे फायदाही नाव घेण्यासारखा नाही. सोडाही दोषी नव्हता. त्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो आणि तो पुष्कळ टूथपेस्टींपेक्षा कमी घासतो. हिरड्या बिघडल्या त्या प्लाक राहून गेल्यामुळे. ब्रश पुढून जोरात फिरत होता आणि दातांच्या मधल्या फटी, खालची आतली बाजू तशीच राहत होती. सोड्यामुळे नुकसान झालं ते फ्लोराइड सुटण्याचं. फ्लोराइड मिसळलेलं दाताचं खनिज साधारण साडेचार सामूपर्यंत तग धरतं, आणि नेमकं हे कवच त्यांनी आम्लाचा मारा सर्वांत जास्त असताना काढून ठेवलं होतं.

काय केलं

सहसा रक्त येणाऱ्या हिरड्या दिसल्या की आधी कीटण काढायला घेतात. इथे मी ते काही आठवडे मुद्दाम पुढे ढकललं. कीटण निघून सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि मुळं थोडी उघडी पडतात. मूळ साडेसहा सामूलाच हळवं. आम्ल चालू असताना ते उघडं करणं मला पटलं नाही. हिरड्यांना इतक्या दिवसांच्या विलंबाने फारसा फरक पडणार नव्हता.

म्हणून आधी आम्ल. लिंबूपाण्याची बाटली बंद, लिंबू जेवणात चालेल. फ्लोराइडची पेस्ट परत सुरू, रोज दोनदा, मऊ ब्रश, आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच घासायचं नाही. किती वेळ थांबावं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि थांबून सगळं भरून येतं असंही नाही. पण मऊ पडलेल्या इनॅमलवर जोराने ब्रश चालवू नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. त्यापेक्षा न्याहारीच्या आधीच घासणं सोपं. सोडा फेकायला लावला नाही, त्याला योग्य काम दिलं. घशाशी आंबट आलं की कपभर पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून चूळ. दातांवर २२,६०० पीपीएमचं (दहा लाख भागांत २२,६०० भाग) फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दाताला चिकटून राहणारा लेप, लावलं. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलून नाकात मारायचा स्प्रे दिला. पोटविकारतज्ज्ञांनी आम्ल कमी करणारं औषध दिलं, रात्रीचं जेवण लवकर घ्यायला आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला सांगितलं.

मग भूल देऊन हिरड्यांखालचं कीटण काढलं, आणि फटी साफ करायचे बारीक ब्रश कुठे कुठल्या मापाचा घालायचा हे आरशासमोर करवून घेतलं. यात वेळ जातो, पण हिरड्यांच्या उपचारातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि घाईच्या दवाखान्यात नेमका तोच वगळला जातो. टाळूकडच्या उघड्या डेंटीनवर कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचा, थर सर्वांत शेवटी चढवला. आम्ल आटोक्यात येण्याआधी चढवला असता तर भोवतालचा दात झिजून त्याच्या कडा सुटल्या असत्या.

तीन महिन्यांनी रक्त येणं जवळजवळ थांबलं होतं. फटी बहुतेक ठिकाणी तीनवर आल्या, कळ कधीतरीच. गेलेलं इनॅमल परत आलेलं नाही, ते येत नसतं. लाळ मिनिटाला ०.२५ मिलीपर्यंत वाढली.

उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेमागे एक फट अजून पाच मिलिमीटर आहे, तिथे ब्रश नीट पोचत नाही. छोट्या डोक्याचा ब्रश दिलाय, पुढच्या भेटीत ती चारच्या खाली गेली नाही तर तेवढी जागा पुन्हा साफ करावी लागेल. दाढांवरचे वाटोळे खळगे तूर्त भरलेले नाहीत. दातांचा त्रिमितीय स्कॅन घेऊन ठेवलाय, सहा महिन्यांनी दुसरा घेऊन दोन्ही एकमेकांवर ठेवून बघू. खळगे खोल झाले असतील तर आधी पोटाचं औषध आणि झोपेची वेळ तपासायची, मग फिलिंगचा विचार.